जावयाची चंगळ

भामाबाईच्या तोंडात एक शब्द कायम घोळायचा, चंगळ. नवऱ्यानं, म्हणजे बिराप्पानं, चहात साखर जरा जास्त मागितली की, "चंगळ हाय बाबा तुमची!" शेजारच्या अंबूबाईनं भर दुपारी पंखा लावून अंग टाकलं की, "चंगळ चाललीया!" वडूजच्या बाजारात कुणी भज्याचा मोठा पुडा बांधून घेताना दिसलं, तरी तेच. घरातली माणसं हसायची. पण हा शब्द तिला दिला होता तिच्या बापानं, आणि बापाच्या तोंडी तो असा उठसूट येत नसे.

बाप मेंढपाळ. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन खाली कराडच्या अंगाला, हिरव्या रानात उतरायचा. मेंढरं पाल्यावर तुटून पडली की लहानगी भामा टाळ्या पिटायची. "आबा, मेंढरांची चंगळ!"

"खुळी का काय?" आबा म्हणायचा. "तोंड चालतंय तवर ती भूक, पोरी. सावलीला बसलं, डोळं मिटून रवंथ कराय लागलं, लांडग्याचं भ्या ऱ्हाईलं न्हाई, की मग म्हणायचं चंगळ."

पुढं भामाबाईचं लग्न झालं, मेंढरं कमी झाली, कालव्याचं पाणी आलं, डाळिंबाची बाग उभी राहिली. आबाचं बोलणं कुठल्या कुठं गेलं. शब्द तेवढा जिभेवर राहिला.

यंदा ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. आपल्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरून उकडलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, कपडालत्ता करायचा. भामाबाईच्या लेकीचा, अपेक्षाचा, लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. जावई रविराज फौजेत. पार वरच्या बर्फातल्या चौकीवरून सुट्टीला आलेला.

आणि भामाबाईच्या डोक्यात एक काटा होता. तो रुतवला होता विहीणबाईंनी, तानुबाईंनी. त्यांचीही मुळात मेंढरंच, पण एक पिढी आधी कराडजवळ वस्ती करून ऊस लावलेला. लग्नात खटावचं रान बघून त्या हसत म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडं दगडांचं पीक बरं येतंय की, इनबाई!" सगळा मांडव हसला. भामाबाईही हसली, पण आतून जळाली. माझ्या लेकीला हे लोक दगडांच्या गावची म्हणून कायम खालीच बसवणार, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

म्हणून तिनं फोन केला, "इनबाई, जावयाची अशी चंगळ करते का न्हाई, तुमच्या कराडपतूर वास आला पायजे!"

मग अपेक्षाचा फोन आला. "आये, साधंच कर गं. हे आल्यापास्नं रोज कुणाच्या तरी घरी जेवाण हाय. कवा आत्याकडं, कवा चुलत्याकडं. धड झोप न्हाई त्येस्नी. माजं माणूस माज्या वाट्यालाच यीना."

"व्हय व्हय," भामाबाई म्हणाली, आणि फोन ठेवून बँडवाल्याला फोन लावला. बाई एकदा पेटली की पेटली!

दिवस उजाडला. दारात मांडव. मांडवाच्या तोंडाला जावयाचा वर्दीतला फोटो असलेला एवढा मोठा फ्लेक्स, की त्याच्या मिशीखालून माणसं आत येत होती. आमरसाची पातेली, कुरडया, भजी, धोंड्यांच्या चाळणीवर चाळणी. गावाला आवतण. अंबूबाई येता-जाता नाक मुरडत होती, कारण मागच्या धोंड्याला तिच्या जावयाचा थाट गावात गाजला होता आणि आज तो मोडीत निघणार होता.

गाडी आली. रविराज, अपेक्षा आणि मागोमाग तानुबाई उतरल्या. बँड वाजला. भामाबाईनं जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. रविराज हसत होता, पण डोळे तांबारलेले, आणि ओवाळताना पोरगं उभ्या उभ्या डुलत होतं. भावकीतली थोर मंडळी अजून यायची होती.

"मामी, जरा पाठ टेकू का?"

"टेका की पावणं, घर तुमचंच हाय."

लिंबाखाली बाज होती. बिराप्पानं राखलेली चार-दोन मेंढरं तिथंच बांधलेली. रविराज बाजेवर आडवा झाला आणि पापणी मिटायच्या आत झोपला.

मंडळी आली, पाट मांडले, उदबत्त्या लागल्या. जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत बसत नाही, ही रीत. आमरसावर माशा घोंगावायला लागल्या. बँडवाल्यांचं एक गाणं वाजवून झालं, दुसरं वाजवून झालं, जावई काही हलेना.

"आवं, उठवा की त्येस्नी," भामाबाई नवऱ्याला म्हणाली आणि स्वतःही मागोमाग गेली.

बिराप्पानं हळूच पायाला हात लावला मात्र! रविराज ताडकन उठून बसला. "आलो साहेब!" डोळे मिटलेलेच. दोन्ही हात बाजेखाली काहीतरी चाचपत होते. बूट शोधत होता. सासरच्या लिंबाखाली, सासूच्या दारात, पोरगं बूट शोधत होतं.

भामाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाई, न्हाई. कोण न्हाई. निजा बाळा," ती म्हणाली. तो पुटपुटला, तसाच मागं कलंडला आणि पुन्हा घोरायला लागला.

बाजेच्या पलीकडं मेंढरं बसली होती. डोळे मिटून, सावकाश रवंथ करत. भामाबाई त्यांच्याकडं बघत राहिली आणि आबाचं ते बोलणं इतक्या वर्षांनी जसंच्या तसं कानात उतरलं. अगं भवाने, ती मनाशी म्हणाली, तू चंगळ करायला निघालीस आणि पोराला हाकतीयास!

ती माघारी फिरली ती थेट बँडवाल्यांकडं. "बास करा. हातपाय धुवा आन जेवाय बसा." मग मांडवाकडं वळून म्हणाली, "पंगत बसू द्या."

अंबूबाईला तर आयतंच सापडलं. "जावई उपाशी आन गाव जेवणार? असं कवा कुटं बगितलंय का गं?"

"न्हाई ना? मग आज बगा. आन हळू बोला, पावणं निजल्यात."

अशी पंगत त्या गावात कधी झाली नव्हती. वाढपी खुणेनं विचारायचे, जेवणारे खुणेनं नको म्हणायचे. एकाच्या हातून पळी पडली तर सगळ्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा वाढायचं सोडून कोपऱ्यात गेला. भावकीतले एक-दोघे फुगून न जेवता निघून गेले. जाऊ दे. भामाबाईला एकाच माणसाची धास्ती होती, आणि ते माणूस पंगतीत दिसत नव्हतं.

तानुबाई बाजेजवळ बसल्या होत्या. पदरानं लेकाच्या तोंडावरच्या माशा वारत होत्या. भामाबाई हात जोडत पुढं झाली. "इनबाई, रीत मोडली बगा माज्याकडनं. जे काय बोलायचं ते मला बोला. माज्या लेकीला नगा बोलू."

तानुबाईंनी मान वर केली. डोळे भरलेले.

"ह्यो सुट्टीला आल्यापास्नं मी ह्येला घरोघर मिरवतीया, इनबाई. माजा फौजी, माजा फौजी म्हणून. दर घरात पोटभर खाल्लं ना, येवढंच बगितलं. आय असून झोप न्हाई बगितली." त्यांनी पदराचं टोक डोळ्याला लावलं. "बसा हितं. त्या बाजूच्या माशा तुमी वारा."

दोघी विहिणी बाजेच्या दोन्ही अंगांना बसून राहिल्या.

ऊन कलल्यावर रविराज उठला. मांडव रिकामा, पातेली पालथी. तो ओशाळला. "मामी, मला उठवलं का न्हाईसा? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवून गेलं. तुमी तोंड धुवा."

भामाबाईनं एकच ताट वाढलं, अपेक्षाच्या हातात दिलं आणि बिराप्पाला दंडाला धरून घराबाहेर काढलं. आत कितीतरी वेळानं लेकीचं हसू ऐकू आलं.

तेवढ्यात तानुबाईंचा फोन वाजला. लोणंदहून त्यांच्या धाकट्या जावेचा होता. उद्याचं जेवण तिच्याकडं ठरलं होतं.

"न्हाई गं, उद्या यायचं न्हाई जमत," तानुबाई म्हणाल्या. "परवाबी न्हाई. पोरगा सासुरवाडीतच ऱ्हाणार हाय." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. तानुबाईंनी भामाबाईकडं बघितलं आणि हसल्या.

"काय करतोय म्हंजे? झोपलावता. लय चंगळ हाय बाई त्येची हितं."