बाईंच्या हाताखालचं वर्ष

इतरांना नुसतं हिरवं दिसायचं, तिथं बारकीला निरनिराळी गवतं दिसायची. चालता चालता ती मध्येच खाली बसायची, एखादी काडी उपटायची, पान जिथं खोडाला चिकटतं तिथली इवलीशी जीभ नखानं उलगडून बघायची. वर्गातली मुलं तिला गवतबाई म्हणायची, घरात ती बारकी. आई ती लहान असतानाच गेली होती. बाबा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचे. ते मुळात कमी बोलायचे, आणि त्यांच्या वाटचं सगळं आत्या बोलायची.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी विद्यापीठामागच्या दलदलीत बारकीला एक गवत सापडलं. ते कुठल्याच पुस्तकात बसेना. तिच्या सरांनी ते आठवडाभर ठेवून घेतलं आणि परत दिलं.

"माझ्या आवाक्यातलं नाही हे," सर म्हणाले. "या जातीची गवतं कोळून प्यालेली एकच बाई आहे, आणि ती समुद्रापलीकडे आहे."

बारकीनं त्या बाईंना फोटो पाठवले. उत्तर येईल असं तिला वाटलंच नव्हतं. पण आलं, आणि तेही दोन ओळींचं: 'मलाही ओळखता येत नाही. गवत घेऊन इकडे ये, दोघी मिळून बघू.' खाली वर्षभराच्या एका फेलोशिपची माहिती होती. बारकीनं अर्ज केला, मुलाखत दिली, आणि निवड झाली.

"गवत बघायला विमानानं जायचं?" आत्या म्हणाली. "गाय ऐकेल तर तिलाही हसू येईल."

पण शेजारीपाजारी सांगत फिरली तीच. बाबांनी तिच्यासाठी एक भिंग घासलं, पितळी कडीत बसवलं आणि तिच्या बॅगेत ठेवलं.

एकच अडचण होती. विभागात शिकवण्याची एक हंगामी जागा निघाली होती आणि ती बारकीला मिळण्यासारखी होती. ती सरांना विचारायला गेली.

"जा तू," सर म्हणाले. "बाईंच्या हाताखाली वर्ष काढलंस तर असल्या जागा तुझ्या मागे लागतील. आणि परत आलीस की मी आहेच."

तिकडच्या विभागप्रमुखांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, दार लावून घेतलं. सभ्य माणूस होता. त्यानं आडवळण घेतलं नाही.

"बाईंना मेंदूचा झटका आलाय. गेल्याच महिन्यात. जीव वाचला, पण वाचा गेली. लिहिता-वाचताही येत नाही. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण ते काम कुणाचं हेच ठरलं नाही."

"मग मी काय करू?"

"फेलोशिप मंजूर आहे, ती रद्द होत नाही. तुम्ही राहा. खाली हर्बेरियममध्ये काम भरपूर आहे."

हर्बेरियम तळघरात होतं. वाळवून दाबलेल्या, कागदावर चिकटवलेल्या झाडापाल्यानं भरलेली लोखंडी कपाटं रांगेनं उभी होती. बाईंनी उभ्या आयुष्यात गोळा केलेली गवतं तिथं होती. ते तळघर आता रिकामं करायचं होतं. विद्यापीठाला जागा हवी होती, आणि संग्रह दूरच्या एका गोदामात जाणार होता. एकेक कागद काढायचा, त्याचा फोटो घ्यायचा, क्रमांकाची पट्टी चिकटवायची, खोक्यात ठेवायचा, हे बारकीचं काम. सोबतीला निवृत्तीला टेकलेला एक तंत्रज्ञ होता. त्याला ती मनातल्या मनात खोकेवाला म्हणायची.

"गोदामात हे कुणाला बघायला मिळेल?" तिनं पहिल्याच दिवशी त्याला विचारलं.

"मिळेल की. यादी झाली की."

"यादी कधी होणार?"

खोकेवाला हसला. "माझ्या आधीच्याला मीही हेच विचारलं होतं. तेव्हा शेवाळं गेली होती. अजून खोक्यातच आहेत."

तिनं घरी फोन करून खरं तेच सांगितलं. आत्यानं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे खोकी बांधायला गेलीस होय. ती तर इथंही बांधली असतीस." मागून बाबांचा आवाज आला, "बोलू नकोस गं तिला."

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी ती बाईंच्या घरी गेली. दार बाईंच्या यजमानांनी उघडलं. उंच, वाकलेले, बाह्या सरसावलेले. आत बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर कुणी ठेवून दिल्यासारखा पडला होता. बारकीनं आपण कोण ते सांगितलं आणि गवताचा कागद त्यांच्यासमोर धरला.

बाईंनी डाव्या हातानं तिचं मनगटच धरलं. मग गवताचं पान खोडापाशी नखानं उलगडलं. अगदी तसंच, जसं बारकी उलगडायची. त्यांचे डोळे मोठे झाले, ओठ हलले.

"उद्या," त्या म्हणाल्या. "उद्या, उद्या."

"तेवढा एकच शब्द उरलाय," यजमान म्हणाले. "भूक लागली तरी उद्या, मी नकोसा झालो तरी उद्या. पण बघ, आज कितीतरी दिवसांनी तिनं स्वतःहून हात पुढे केला. तू येत जा."

बारकी दर रविवारी जायला लागली. आठवडाभर तळघरात कपाटं धुंडाळायची, आपल्या गवताच्या जवळपासचे कागद बाजूला काढायची आणि खोकेवाल्याला सांगून न्यायची. तो मान फिरवून म्हणायचा, "मी बघितलं नाही." बाईंसमोर ती दोन-दोन कागद धरायची. याच्यासारखं? की याच्यासारखं? बाई मान हलवायच्या, कधी हो, कधी नाही. यजमान चहाचे कप हातात घेऊन मागे उभे राहायचे आणि श्वास रोखून बघायचे.

एका रविवारी बाईंनी एका कागदावर बोट आपटलं. पुन्हा पुन्हा, हो, हो, अशी मान हलवत. यजमानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात बारकी जेवणखाण विसरली. दोन्ही गवतांची तुलना करून तिनं सगळं नीट लिहून काढलं आणि सरांना पाठवलं.

सरांचा फोन आला. आवाज जपून बोलल्यासारखा होता.

"अगं, कणसाची रचनाच वेगळी आहे. दाणा वेगळा. ही दोन गवतं लांबची भावंडंसुद्धा नाहीत. हे तुला दिसलं नाही?"

तिला दिसलं होतं. बाई म्हणतात म्हणजे आपलंच चुकत असणार, असं तिनं स्वतःला पटवलं होतं.

पुढच्या रविवारी तिनं मुद्दाम अगदीच भलता कागद नेला, एका बांबूचा. बाईंनी त्यावर बोट आपटलं. हो, हो. तोच जोर, तोच आनंद. बारकीनं कागद पिशवीत घातला. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते तिचं तिलाच कळलं नाही, पण बाईंना कळलं. त्यांचं हलणारं बोट थांबलं. त्या खिडकीकडे वळल्या आणि पुन्हा त्यांनी वळून बघितलंच नाही.

यजमान तिला दारापर्यंत सोडायला आले. ओट्यावर बराच वेळ घुटमळले.

"राग मानू नकोस," ते म्हणाले. "मीच तुला बोलावलं, आता मीच सांगतो. तू येऊ नकोस. तू गेल्यावर रात्र होईपर्यंत ती रडत राहते. आज काय होईल कुणास ठाऊक. आपल्याला काही येत नाही हे तू यायच्या आधी ती थोडं विसरत चालली होती."

"मला तसं करायचं नव्हतं."

"माहीत आहे मला. म्हणून तर एवढे दिवस बोललो नाही."

ती बसथांब्यापर्यंत गेली, बस आली, आणि ती चढायचंच विसरली.

उरलेले महिने तिनं खोकी भरली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि हात चालले की डोकं थोडं गप्प बसायचं. तिच्या गवताशी ताडून बघायचे कागदही एक दिवस खोक्यात गेले, कारण त्या कपाटाचा नंबर लागला. उन्हाळ्यात मालमोटार आली. खोकेवाल्यानं शेवटचं दार लावलं, किल्ली विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली आणि सेवानिवृत्त झाला. त्याच्या निरोपाला केक होता. बारकीच्या निरोपाला तोच उरलेला केक होता.

ती घरी आली तेव्हा सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. हंगामी जागेवर तिच्याच वर्गातली एक मुलगी शिकवत होती. ती बारकीला बघून अवघडली. "तू येणार हे मला कुणी सांगितलंच नाही गं," म्हणाली. तिचाही काही दोष नव्हता.

बारकीनं दुसऱ्या फेलोशिपा शोधल्या. परदेशातल्या, देशातल्या, सहा महिन्यांच्या, दोन वर्षांच्या. सगळीकडे एकच मागणी होती: याआधी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचं शिफारसपत्र. त्या बाई बोलू शकत नाहीत, लिहू शकत नाहीत, असं ती कळवायची. मग त्यांच्या विभागप्रमुखांचं चालेल, असं उत्तर यायचं. विभागप्रमुखांनी पत्र तत्परतेनं दिलं. 'सदर विद्यार्थिनीनं अत्यंत काळजीपूर्वक खोकी भरली. एकही नमुना फाटला नाही.' त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

आत्यानं ते पत्र वाचून घेतलं. ती काहीतरी बोलेल म्हणून बारकी वाट बघत राहिली. आत्यानं कागदाची घडी केली, तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "जेवून घे."

आता बारकी एका शिकवणीवर्गात प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडक्यांवर जाहिरातीचा कागद चिकटवलेला असल्यामुळे दिवसाही दिवे लावावे लागतात. चार पर्याय, एक बरोबर. वनस्पतींच्या धड्यातून गवत गेल्या वर्षीच वगळलंय. पगार वेळेवर होतो. संध्याकाळी ती मधल्या रस्त्यानं घरी येते, कडेला उगवलेलं काही दिसलं तरी थांबत नाही. बाबा तिच्याआधी आलेले असतात. भिंगं घासून त्यांचेच डोळे आता अधू झालेत, म्हणून ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. परवा त्यात परदेशात शिकवायला जाण्याच्या एका योजनेची जाहिरात होती. तिनं ती गाळली आणि पुढची बातमी वाचायला घेतली.