माहेरचं आडनाव

कारकुनाने जाळीखालून सातबारा परत बाहेर सरकवला.

"काका, असं नाही होत. तहसीलमधून पडताळणी होऊन लेखी उत्तर आलं पाहिजे. मग जामीनदार म्हणून तुमची सही घेऊ."

"उत्तर यायला किती दिवस?"

"ते त्यांच्या हातात. महिना धरा. कधी दोनही लागतात."

उत्तमराव म्हैसन्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा तसा स्वच्छच होता. अकोल्याच्या याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, ते काही वर्षं जिल्हा न्यायाधीश होते. खालच्या या खिडकीशी उभं राहायची पाळी मात्र कधी आली नव्हती. निवृत्तीनंतर ते अमरावतीला राहत, आणि आज भाच्यासाठी, नितेशसाठी, सकाळच्या गाडीने आले होते. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, भाऊबंदांत मारामारी झाली, नितेशच्या हातून एकाचं डोकं फुटलं. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार उभा राहीपर्यंत मंजूर जामीन म्हणजे ताटात वाढलेलं आणि तोंडापर्यंत न आलेलं जेवण. आज शुक्रवार. सुटकेचा कागद संध्याकाळच्या आत तुरुंगाच्या दारावरच्या पेटीत पडला नाही, तर सोमवारपर्यंत काही हलणार नव्हतं. तिकडे घरी तेल्हाऱ्याला नितेशच्या बायकोचे, आचलचे, दिवस भरत आले होते.

थोरली बहीण मैनाबाई, नितेशची आई, खाली निंबाच्या पारावर बसली होती. आयुष्यात तिने भावाकडे काही मागितलं नव्हतं. सकाळी एवढंच म्हणाली होती, "तू हायेस ना उत्तम, मंग मले कायची फिकीर?"

"नियम आहे काका," कारकून म्हणाला. "मागच्यांना येऊ द्या."

नियम आहे हे उत्तमरावांना कोणी सांगायला नको होतं. एकाच सातबाऱ्यावर गावभरचे आरोपी सोडवून आणणारे भाडोत्री जामीनदार इथे माजले होते. तहसीलची पडताळणी सक्तीची करणाऱ्या एका आदेशाने उत्तमरावांनी त्यांचा बाजार उठवला. वर्तमानपत्रात फोटो आला. निरोप समारंभात त्यावरच भाषणं झाली. पुढे तुरुंगाच्या पाहणीला गेले की तिथले अधीक्षक चाचरत सांगत, "साहेब, यातल्या बऱ्याच जणांना जामीन झालाय, पण अजून आतच आहेत." त्यावर उत्तमराव म्हणत, "खरा जामीनदार आणा म्हणावं, लगेच सुटतील." असं म्हटलं की त्यांना त्या दिवशी जेवणही गोड लागे.

खरा जामीनदार आता खिडकीशी उभा होता, आणि त्याला घाम फुटला होता.

"अरे, साहेब?"

आतल्या टेबलावरून केशवराव उठले. उत्तमरावांच्या हाताखाली काम केलेला जुना माणूस. त्यांनी धावत येऊन बाजूचं दार उघडलं, खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"म्हैसने साहेबांचा नियम म्हैसने साहेबांनाच? काहीतरीच काय!" केशवराव हसले. "मी आत साहेबांना सांगून येतो. आज सही करा, पडताळणी मागाहून होईल."

उत्तमराव बसले. आतून खिडकी वेगळीच दिसत होती. जाळीपलीकडे आता एक बाई उभी होती, तिच्यामागे जामीन राहायला आलेला तिचा भाऊ, कागदांची पिशवी छातीशी धरून.

"उत्तर नाही आलं मनकर्णाबाई," कारकून म्हणाला. "पुढच्या आठवड्यात या."

"मांगच्या खेपेलेही हेच सांगतलं ना, भाऊ. माया मालक आतमंदी हाये. मी भाजीचं दुकान बंद ठेवून येऊन राहिली."

"मी काय करू? नियम आहे."

उत्तमरावांनी चहाचा कप खाली ठेवला. केशवराव हसतच परत आले.

"झालं, साहेब."

"त्या बाईंचं पण... बघता येईल का?"

"तिचं रोजचंच आहे, साहेब. सगळ्यांनाच सूट दिली, तर तुमचा नियम राहतो कुठे?"

हे बोलणं चुकीचं आहे, असं ठणकावून सांगायला हवं होतं. माझीही पडताळणी करा, मीही महिनाभर थांबतो, असं म्हणायला हवं होतं. उत्तमरावांच्या डोळ्यांसमोर पारावर बसलेली बहीण आली. त्यांनी पेन काढलं आणि सही केली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण कळूनही हात सहीच करतो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

आतलं सगळं उरकून सुटकेचा कागद हातात पडेपर्यंत ऊन उतरलं होतं. ते खाली आले तेव्हा मैनाबाई शिदोरी सोडून बसली होती आणि मनकर्णा तिच्याशेजारी भाकर खात होती. भाऊ बसची चौकशी करायला गेला होता.

"झालं का रे?" मैनाबाईने विचारलं.

"झालं."

मैनाबाईने दोन्ही हात जोडून वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"एकाच खेपेत?" मनकर्णाच्या आवाजात हेवा नव्हता, नवल होतं. "नशीबवान हा काका तुमी. आमाले तं त्या म्हैसने सायबाच्या नियमानं मारून टाकलं. कोन होता मानूस, काय मालूम. त्याचं कोनी आतमंदी नसंन कधी."

मैनाबाईचा हात भाकरीवर थांबला. तिने भावाकडे पाहिलं. उत्तमराव खिशातला कागद चाचपत राहिले. बसच्या कंडक्टरलाही 'मी म्हैसन्यांची लेक, जजसाहेबांची बहीण' असं सांगितल्याशिवाय जिचा प्रवास होत नसे, ती एक शब्द बोलली नाही.

"तुमाले आत खुर्ची देल्ली, मी पायलं," मनकर्णा म्हणाली. "मावशी, मोठ्या घरच्या दिसता तुमी. मायेर कोनाकडचं?"

मैनाबाईने उरलेली भाकर फडक्यात बांधली आणि सगळी शिदोरी मनकर्णाच्या ओटीत ठेवली.

"दूर हाये, बाई," ती म्हणाली. "लय दूर."

मनकर्णाने मान डोलावली. मग तिनेच फाटकाकडे हात केला. "जा लवकर काका, पेटी उघडाचा टाइम झाला. ऑटोवाल्याले मांगच्या दारानं न्याले सांगा, तिकून जवय पडते."

उत्तमरावांनी ऑटो थांबवला आणि बहिणीला आधार द्यायला हात पुढे केला. मैनाबाईने ऑटोची दांडी धरली आणि एकटीच चढून बसली.