न मागता पुढे आलेली रकाबी

अहो, हात धुतलेत का? मग बसा असे समोर. मी रकाबी बोलतेय. तामचिनीची, पांढरीशुभ्र, काठाला निळी किनार असलेली. आता शुभ्र म्हटलं की लोक हसतात, कारण जागोजाग टवके उडालेत आणि आतलं काळं लोखंड दिसतं. हसू देत! मी सांगतेय ती माझ्या भरातली गोष्ट आहे, आणि त्या वेळी अख्ख्या मंगरुळात माझ्यासारखी देखणी रकाबी नव्हती. हे मी म्हणत नाही, खाणारे म्हणत.

माझा जन्म आगीतला. लोखंडाचा पत्रा दाबून मला आकार दिला, अंगावर काचेचा लेप चढवला आणि लोटलं भट्टीत. बापरे, काय तो जाळ! वाटलं, संपले आता. पण बाहेर आले ती अशी चकाकत आले, की ज्यानं चिमट्यात धरलं होतं तोही घटकाभर बघतच राहिला. मग पेंढ्यात गुंडाळून मालगाडीनं निघाले, कारंज्यापर्यंत छोट्या आगगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं. हादरे खाऊन हाडं खिळखिळी झाली म्हणाले असते, पण मला हाडं कुठली?

मंगरुळात मला रहीमनं घेतलं. रहीम तेव्हा पंचविशीतला, अंगानं काटक, डोक्यात सतत काहीतरी चाललेलं. नागपुरात एका चहाच्या हॉटेलात राबून आला होता आणि दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोटार थांबायची तिथंच, त्यानं स्वतःचं हॉटेल घातलं. हॉटेल म्हणजे काय, दोन-चार बाकडी, लाकडी गल्ला आणि मागे तरटाचा पडदा. पडद्यामागे त्याची बायको अमीनाबी भजी आणि गुळाचे गुलगुले तळायची. सोवळ्यातली मंडळी आमच्याकडे फिरकत नसत. पण नवस फेडायला आलेले, बाजाराला आलेले, मोटारीची वाट बघत ताटकळलेले आमच्या बाकड्यावर टेकायचे, आणि त्यात हिंदूही असायचे, मुसलमानही.

रहीमनं नागपुराहून एक युक्ती आणली होती. गिऱ्हाईक बसलं रे बसलं, की त्यानं तोंड उघडायच्या आत भरलेली रकाबी त्याच्या पुढ्यात! वाटलं तर खा, नाही वाटलं तर राहू द्या. उठताना रहीम रकाबीकडे नजर टाकायचा आणि जे कमी झालं असेल त्याचे पैसे घ्यायचा. आणि रकाबी रिकामी दिसली, की याला अजून हवंय असं समजून लगेच भरून ठेवायचा. गावातल्या लोकांना हे अंगवळणी पडलं होतं.

मला तर हा खेळ भलताच आवडायचा. माणसांचे एकेक नमुने बघावेत! कोणी मोठ्या मानानं मला दूर सारायचा आणि चहा येईपर्यंत चोरून माझ्याकडेच बघायचा. कोणी गुलगुला दाबून बघायचा, हुंगायचा आणि परत ठेवायचा. मेल्या, खायचा नाही तर हात कशाला लावतोस? कचेरीत लोकांचे अर्ज लिहून देणारा एक अर्जनवीस तर खालचं भजं खाऊन वरची अशी रचायचा की जणू काही झालंच नाही. रहीमला सगळं कळायचं. तो हसून बरोबर पैसे मागायचा.

आणि मग तो बाजाराचा दिवस आला. अजून आठवलं की माझी किनार तापते!

पोहरादेवीकडच्या एका तांड्यातला रामसिंग त्या दिवशी आला. मोठं लाल पागोटं, मिशीला पीळ. बरोबर रिठदकडचा हेमला आणि त्याचे दोन भाऊबंद. बाहेर लिंबाखाली रामसिंगची बैलगाडी सोडलेली होती, तिच्यात त्याची बायको रामीबाई आणि लेक सुंदरबाई बसल्या होत्या. सुंदरबाईची सोयरीक हेमलाच्या पोराशी, हरिसिंगशी, जुळत आली होती. जुळत आली होती म्हणजे जुळली नव्हती. हेमलाच्या कानात कोणीतरी भरवलं होतं, की रामसिंगला बाजारात कोणी ओळखत नाही, अडचणीला उभं राहील असं एक माणूस नाही त्याच्याकडे. म्हणून हेमला स्वतः बघायला आला होता. मन भरलं तर आजच गूळ खायचा. त्यांच्यात गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मग मागे फिरणं नाही.

रामसिंगनं चहा सांगितला. चहा यायच्या आत मी पुढ्यात हजर, काठोकाठ गुलगुल्यांनी भरलेली!

रामसिंग दचकला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याची छाती अशी फुगली म्हणून सांगू! तो हॉटेलात पहिल्यांदाच बसत होता हो. त्याला काय ठाऊक नागपूरची युक्ती? त्याच्या तांड्यात पाहुण्यापुढे ठेवतात ती मेहमानी. त्यानं हेमलाकडे वळून म्हटलं, "पाहा सोयरे. मांगतलं का म्या? रहीमभाऊची अन् आपली जुनी दोस्ती हाये, म्हनून न मांगता येऊन राह्यलं."

अरे देवा! जुनी दोस्ती! रहीमनं त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं.

पण हेमलाचा चेहरा खुलला. सगळ्यांनी खायला सुरुवात केली. आणि पुढ्यातलं टाकणं म्हणजे घरधन्याचा अपमान, म्हणून एक कण शिल्लक ठेवला नाही. रहीमनं गल्ल्यावरून पाहिलं, रकाबी रिकामी! खूश होऊन पुन्हा भरली. यांनी मान राखायला पुन्हा संपवली. त्यानं पुन्हा भरली! हेमलाच्या कपाळावर घाम आला, एका भाऊबंदानं करदोडा सैल केला, आणि तरी बिचारे चावतायत. पडद्यामागे अमीनाबीची कढई उतरेना, इकडे यांचं पोट आवरेना. मी मध्ये, कधी भरतेय, कधी रिकामी होतेय! इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती. थांबायचं कोणी, हेच कोणाला कळेना.

शेवटी पीठच संपलं आणि हेमला देवाचं नाव घेऊन उठला. म्हणाला, रामसिंग, मान गये, तुमची वट मोठी. चला, गूळ घेऊ.

आणि नेमकं तेव्हाच रहीमनं गल्ल्यावरून पैसे मागितले. चहाचे, आणि इतक्या रकाब्यांचे.



रामसिंगला आधी ती थट्टा वाटली. मग रहीमनं पुन्हा मागितले तेव्हा तो म्हणाला, चहा सांगितला होता, चहाचे घ्या. रहीमनं विचारलं, अन् खाल्लं ते? हळूहळू आवाज चढले, लोक जमले. अर्जनवीस पुढे होऊन म्हणाला, पोटात गेलं ते विकत घेतलं, कायदा हेच सांगतो. वा रे वा, खालचं भजं चोरणारा कायदा सांगतोय! एक कापडवाला म्हणाला, मागितलं नाही त्याचे पैसे कसले, उद्या मी रस्त्यानं जाणाऱ्याच्या खांद्यावर धोतर टाकीन अन् दाम मागीन, चालेल? लोक हसले. पण रहीमचंही काय चुकलं होतं? पीठ, गूळ, तेल काही आभाळातून पडत नाही, आणि अमीनाबीचे हात सकाळपासून चटके खात होते. खरं सांगते, दोघांचं ऐकताना मला दोघंही बरोबर वाटत होते.

रामसिंगचा हात कमरेच्या पैशांच्या पिशवीकडे गेला आणि थांबला. पैसे होते, लेकीच्या कापडासाठी आणलेले. पण प्रश्न पैशांचा कुठे राहिला होता? दिले असते तर दोस्ती खोटी ठरली असती, नाही दिले तर तो फुकट्या ठरला असता. काहीही केलं तरी सोयऱ्यासमोर नाक कापलं जाणार होतं. तो रहीमच्या डोळ्यांत बघून म्हणाला:

"न मांगता ठेवलं ते मेहमानी असते, नाई त फसवनूक. यातलं कोनतं, ते तुमीच सांगा."

 रहीमनं मला बाकड्यावरून उचललं आणि गल्ल्यावर नेऊन ठेवलं.

हेमलानं पागोटं सारखं केलं. तो सावकाश बोलला, "रामसिंग, तुमी त म्हने जुनी दोस्ती हाये."

बाहेर गाडीत सुंदरबाई उठून उभी राहिली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. रामीबाईनं तिचा हात धरून खाली बसवायचा प्रयत्न केला, पण पोरगी बसेना. तिच्याकडे बघून मला असं वाटलं, की रहीमनं मला उचलून जमिनीवर आपटावं, माझे टवके उडावेत, पण हे थांबावं.

तेवढ्यात पडद्यामागे बांगड्या वाजल्या. अमीनाबीनं रहीमला आत बोलावलं. मी गल्ल्याजवळच होते, म्हणून तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"सौदा मोडला त उद्या दुसरा होईन," ती म्हणाली. "पोरीची सोयरीक मोडली त लोक जलमभर इचारतीन, काहून मोडली. त्या मानसानं कायले फुशारकी मारली, दिसत नाई का तुमाले?"

 रहीम बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता. तो सरळ रामसिंगजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "सोयऱ्यांसमोर जराशी थट्टा केली म्या, माफ करा भाऊ. तुमच्या पाहुन्याचे पैसे घेतले त मले दर्ग्यावर तोंड दाखवता येनार नाई."

आणि वळून ओरडला, गूळ आण गं अमीना, इथंच पक्की होऊ दे!

अहो, काय सांगू! कोणीतरी बोट उंचावून शाबास म्हणालं, भाऊबंदांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, हेमला हसायला लागला तो थांबेना. गूळ माझ्यातच आला! पोट तट्ट फुगलेलं असूनही सगळ्यांनी एकेक खडा तोंडात टाकला. सुंदरबाईची सोयरीक या रकाबीतल्या गुळावर पक्की झाली, आणि ज्याला हा माझा गर्व वाटतो त्याला वाटू दे. रहीम सरळसरळ खोटं बोलला होता. मला त्याची तसूभरही लाज वाटली नाही.

 निघताना रामसिंग रहीमचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभा राहिला. लग्नाला मात्र त्यानं बैलगाडी पाठवून रहीम-अमीनाबीला नेलं आणि मांडवात आपल्या शेजारी बसवलं. खोटी दोस्ती अशी खरी झाली.

दुसऱ्या दिवसापासून रहीम आधी विचारायला लागला, काही खाता का? विक्री उतरली, अर्जनवीस कुरकुरला, पण रहीम बदलला नाही. मला तर कामच उरलं नाही म्हणा ना. म्हणून लग्नात अमीनाबीनं मला गुलगुल्यांनी भरून सुंदरबाईच्या ओटीत दिलं, आणि मी नवऱ्या मुलीबरोबर रिठदकडे आले. तिथं चुलीच्या राखेनं घासून घासून माझी चकाकी गेली, पोरांनी मला आपटून टवके पाडले. तक्रार नाही. लेकुरवाळ्या घरात भांडी अशीच म्हातारी होतात.

मग जर्मनीची ती मोठी लढाई आली. साखर मिळेना, रॉकेल मिळेना, गव्हाला भाव असा की विचारू नका. रहीमचं हॉटेल बंद पडलं, असं कोणीतरी सांगितलं. अमीनाबी गेली, असंही ऐकलं. त्या दिवशी सुंदरबाईनं मला घासलं नाही, नुसती घेऊन बसली होती.

आता मी दर रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत असते. हरिसिंग आणि सुंदरबाई कापडाचा आडोसा करून चहाचं दुकान लावतात. गर्दी म्हणाल तर पाय ठेवायला जागा नाही. यंदा त्या गर्दीतून एक म्हातारा आला, खांद्यावर कंगवे आणि सुया-दोऱ्याचं गाठोडं. बाकड्यावर टेकला आणि चहा मागितला, नुसता चहा. त्याचा आवाज ऐकला आणि माझ्या लोखंडात कळ गेली. रहीम!

त्यानं सुंदरबाईला ओळखलं नाही, कसा ओळखेल, ती डोक्यावरून पदर ओढून चुलीपुढे बसलेली. पण तिनं ओळखलं. तिनं मला उचललं, काठोकाठ गुलगुल्यांनी भरलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

त्यानं मला हळूच दूर सारलं. डोळे माझ्यावर आणि हात मात्र मागे. मी या हातांना ओळखते हो, ते भुकेलेले होते. "म्या हे मांगतलं नाई, बाई," तो म्हणाला.

"मालूम हाये," सुंदरबाई म्हणाली. "चहा मांगतला, चहाचे द्या. जे मांगतलंच नाई, त्याचे पैसे कसे घेऊ, चाचा?"

त्यानं वर पाहिलं. मग खाली, माझ्याकडे. त्याचा अंगठा माझ्या निळ्या किनारीवरून फिरला, जिथं ती अजून शाबूत आहे तिथून.  त्यानं एक गुलगुला उचलला, खाल्ला, मग दुसरा. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो खात होता, आणि मी रिकामी झाले की सुंदरबाई मला भरत होती.

तर मंडळी, एवढंच माझं जिणं. तुम्ही दमून आला असाल. काय हवं ते मोकळेपणानं सांगा, आणि जे सांगाल त्याचे पैसे चोख द्या, कारण त्यात कोणाचे तरी हात भाजलेले असतात. पण सुंदरबाईनं न विचारता मला तुमच्या पुढ्यात ठेवलंच, तर कमरेकडे हात नेऊ नका. निमूटपणे खा.