मतपत्रिकेवरची शिडी

मी शिडी बोलतेय. हो, शिडीच, पण भिंतीला टेकून धूळ खाणारी ऐरीगैरी नव्हे. शहात्तरच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर माझं चित्र छापलं होतं! आमच्या या बेटावरच्या अख्ख्या सें पिएर गावात अशी दुसरी शिडी दाखवा, मी इथल्या इथे मोडून पडेन.

मला परशुरामने घडवलं, फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या लाकडाची. तो सरकारी नोकरीतून नुकताच निवृत्त झाला होता. पंचाहत्तरच्या सायक्लोनमध्ये गावातले पत्रे उडाले, तेव्हा मला खांद्यावर टाकून हा दारोदार फिरला. हा वर पत्रे ठोकायचा आणि त्याची बायको कुसुमावती खाली मला धरून उभी असायची.

"अहो, जपून!"

"अगं, तू नीट धर म्हणजे झालं!"

दिवसभर हेच. मला तर बाई करमायला लागलं होतं त्यांच्यात.

मोठ्या पार्ट्यांचे लोक तेव्हा गाडीतूनच हात हलवून गेले. म्हणून निवडणूक आली तशी गावानेच ठरवलं, या वेळी आपला परशुराम उभा राहणार, अपक्ष. चिन्ह कोणतं? शिडी! दुसरं कोण असणार?

अर्ज भरायच्या दिवशी स्वारीने मलाही बसच्या टपावर चढवलं. कंडक्टर कुरकुरला, तर म्हणतो कसा, "चिन्ह मागायला चाललोय, साहेबाला नमुना दाखवायला नको?" अर्ज एका शाळेत घेत होते. तिथे मला व्हरांड्यात खिडकीशी उभं केलं, त्यामुळे आतलं सगळं मला दिसत होतं.

आणि तिथेच घोळ झाला. सूचक म्हणून सही करायला येणारा गावातला यशपाल ऐनवेळी फिरकलाच नाही. एका सहीवाचून अर्ज अडला, वेळ संपत आली. शेवटी कुसुमावती पुढे झाली. मतदार तर तीही होतीच.

अधिकाऱ्याने क्रेओलमध्ये, इथल्या बोलीत, विचारलं, "मादाम, कोणाला उभं करताय? तोंडाने नाव सांगा."

झालं! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर या बाईने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. आमच्या मराठी घरांत रीतच तशी.

"चंद्रिकाचे बाबा," ती म्हणाली.

"या नावाचा उमेदवार नाही."

"अहो, हे काय, इथे उभे आहेत!"

"नाव, मादाम. नाहीतर सही घेता येणार नाही."

परशुरामला घाम फुटला. "अगं, घे ना एकदा!" कुसुमावतीने घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीतून माझ्याकडे. डोक्यावरचा पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"वाऱ्याने नेला पत्रा, शिडीने गाठलं छप्पर,
परशुरामांचं नाव घेते, लिहा साहेब भरभर!"

व्हरांड्यातली आमची माणसं टाळ्या पिटायला लागली. अधिकाऱ्याला त्यातला एकच शब्द कळला, पण त्याला तोच हवा होता. सही झाली, अर्ज घेतला. आणि आमचा उमेदवार? नवीन नवऱ्यासारखा लाजून लालेलाल!

निवडणुकीत तो पडला. चांगलाच आपटला म्हणा ना. म्हणून काय झालं? त्याचं नाव आणि माझं चित्र शेजारी शेजारी छापलं होतं, आणि आमच्या आळीने त्यापुढे अभिमानाने फुली मारली होती.

आता सत्त्याऐंशी साल आहे. परशुराम गेला. मी देवळामागच्या खोलीत असते, गणपतीत तोरणं बांधायला मला बाहेर काढतात. यंदा ॲल्युमिनियमची नवी शिडी आली, तेव्हा कोणीतरी मला ओढून म्हणालं, "ही मोडकी कोणाची? टाकून द्या."

वाती वळत बसलेली कुसुमावती ताडकन उठली. उखाणा नाही, मान खाली नाही.

"परशुरामांची," ती म्हणाली. "ठेवा तिथेच."

तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्यावर चढू नका बाबांनो, एक पायरी निखळली आहे. पण कोणी विचारलंच, ही कोणाची, तर तिच्यासारखं मोठ्याने सांगा.