पाहुण्यांच्या दिवशीची चूल

मी एक जुनी, कमी धुराची पत्र्याची चूल आहे. मित्रांनो, हुस्नाबी गेल्याची खबर यवतमाळच्या दवाखान्यातून घाटंजीला आली, त्या दिवशी मी थंड होते. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारच्या रुखमाबाईने डबा आणला. हुस्नाबीच्या नवऱ्याने, जफरभाईंनी, तो उघडलाही नाही. ते माझ्याकडे बघत बसले. धूर छातीत बसला, असं डॉक्टर म्हणाले होते.

माझा जन्म कारखान्यात झाला. 'धूर निम्म्याहून कमी' असं बनवणाऱ्यांनी माझ्या अंगावर छापलं. ते खरं की खोटं, हे कारखान्याशी संबंध नसलेल्या माणसाने तपासायचं असतं. म्हणून हुस्नाबी असताना, चुली तपासणाऱ्या उर्वशीताई धूर मोजायचं यंत्र घेऊन घरी येणार होत्या.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. रुखमाबाईने कपाशी वेळेआधीच उपटली आणि ओलसर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, आमच्या अंगणात आणून टाकली. माझ्या पोटात रोज तीच जळायची. पण ताई येणार त्या सकाळी हुस्नाबीने बाभळीची वाळकी लाकडं काढली.

"काहून वो, घरात लगीन हाय का?" रुखमाबाईने विचारलं.

"पाहुणे येऊन राह्यले ना. त्याइच्या डोयात धूर गेला, तं माही इज्जत काय राह्यली?"

उर्वशीताईंनी विचारलं, "रोज हेच जाळता का?" हुस्नाबी पदर सावरत हो म्हणाली.

यंत्रात धूर कमी भरला आणि मी पास झाले. माझं कौतुक झालं. माझ्यासारख्या चुली गावोगाव वाटायचं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पऱ्हाटी, पुन्हा धूर, आणि तिचा खोकला.

हुस्नाबीचा चाळिसावा झाल्यावर जफरभाईंनी मला सायकलला बांधून उर्वशीताईंकडे नेलं.

"ताई, त्या दिवशी तुम्ही पाहुण्याइची चूल मोजली. आता घरची मोजा."

 ताई म्हणाल्या, "मी येते. चुली वाटणाऱ्यांना वाटप थांबवा म्हणूनही सांगते. पण पऱ्हाटी तशीच ओली लागेल."

"या साली निघाली की ओलीच रचतो. कोणाले हात लावू देत नाही."

मित्रांनो, तुमच्याकडे कोणी तपासायला आलं, तर रोजचं आहे तेच दाखवा. लाजू नका.

जफरभाईंनी ओली पऱ्हाटी रचून ठेवली आहे. चुलींचं वाटप अजून थांबलेलं नाही. पऱ्हाटीवर माझी तपासणी अजून झालेली नाही.