टाकी वाढली

मला पाहून नवी माणसं विचारतात, हा पडद्याचा दांडा इथं कशाला ठेवलाय? मी दांडा नाही, मित्रांनो. मी घासलेटच्या टाकीचा जुना पितळी गज आहे. माझ्या अंगावर तळापासून डोक्यापर्यंत रेघा आहेत. टाकीत तेल किती उरलं ते मी सांगत असे. बोलून नाही, भिजून.

माझा जन्म पुण्यातल्या तांबट आळीत झाला. कारागिरानं मला ठोकून सरळ केलं, कानशीनं एकेक रेघ पाडली आणि तळाला जड टोपण बसवलं. तेलात सोडल्यावर मी तिरका होऊ नये म्हणून ते टोपण. टाकी लोखंडाची असली तरी गज पितळेचाच लागतो. लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी उडते, आणि घासलेटपाशी ठिणगी म्हणजे सगळ्यांचाच निकाल. पितळ गुमान राहतं. काम झाल्यावर कारागिरानं मला उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "सरळ आहे." मला मिळालेलं ते पहिलं कौतुक.

तिथून एसटीच्या टपावर आडवा पडून मी पौडला आलो. मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर तेव्हा वीज व्हायची, पण ती तारांवरून लांब मुंबईला जायची. आमच्या गावांत चिमण्या आणि कंदील होते. ते सगळे पौडच्या डेपोवर जगत. डेपो म्हणजे रस्त्याकडेची एक पत्र्याची खोली, मागं उतरावर जमिनीत अर्धी पुरलेली टाकी आणि टाकीला गोल झाकण. डेपो सांभाळायला तेल कंपनीनं जवळच्याच भरे गावच्या कुशाबाला नेमलं होतं. तो आणि त्याची बायको सारजाबाई मागच्या दोन खोल्यांत राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पुण्याच्या कचेरीला तक्ता पाठवावा लागे. त्यात चारच गोष्टी असत. महिन्याच्या सुरुवातीला तेल किती होतं, आलं किती, गेलं किती आणि उरलं किती. पहिल्या तीन कुशाबा लिहून ठेवी. चौथी माझ्याकडून कळे. तो तक्ता पाहून कचेरी ठरवी की पौडला टँकर कधी पाठवायचा.

कुशाबाच्या गुडघ्याला वाकणं सोसत नसे. म्हणून मला टाकीत सोडायचं काम सारजाबाईचं. ती माझ्या अंगाला खडू फासायची, म्हणजे तेल कुठवर लागलं ते नीट दिसे. मला तळाला टेकवून वर काढायची आणि ओल्या रेघा नखानं मोजायची. अक्षर तिला येत नव्हतं, पण मोजणं पक्कं होतं. ती टाकीपाशी उभी राहून ओरडायची आणि कुशाबा दारात बसून लिहायचा.

"सतरा, आन् वर थोडी."

"थोडी म्हंजी किती?"

"मुंगीच्या पायायेवडी."

"कंपनीच्या तक्त्यात मुंगी बसत न्हाई गं."

"मंग सतराच ल्ह्या. मुंगी मी सांभाळते."

दर महिन्याला असं काहीतरी व्हायचंच. मी दोघांच्या मधे उभा असे, थेंब गाळत.

सारजाबाईची एक सवय सांगतो. 'संपलं' हा शब्द ती तोंडातून काढत नसे. नांदत्या घरात तसं म्हणू नये, अशी तिच्या आईची शिकवण. डब्यातलं पीठ संपलं की ती म्हणायची, पीठ वाढलं. मीठ सरलं की मीठ वाढलं. कुशाबाला ते कळे, गावातल्या बायकांनाही कळे. त्यामुळं त्यात काही अडचण असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एकोणीसशे एकोणसाठच्या आषाढात कुशाबा हिवतापानं आडवा झाला. दोन घोंगड्या घालूनही तो कुडकुडत होता. त्या दिवसांत पाऊस असा लागला की डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं रस्ता तुटायच्या आत तेल भरून न्यायला खाली आली. गळ्याला सुतळी बांधलेल्या बाटल्या, डबे, जे मिळेल ते घेऊन. पंधरवड्यापूर्वीच टँकर येऊन गेला होता, तरी टाकी तळाला गेली. सारजाबाईनं एकटीनं सगळं वाटलं. किती गेलं ते लिहायला मात्र कुणी नव्हतं.

आणि महिनाअखेर आली. कुशाबा आजारी आहे हे कळल्यावर तक्ता करायला पुण्याहून जयसिंग नावाचा कारकून आला. जयसिंग मुलगा चांगला, वागायला नम्र. त्याची आई तो पाळण्यात असतानाच गेली. वडलांनी त्याला बोर्डिंगात ठेवलं. पुढं नोकरी लागली तेव्हा भाड्याची खोली आणि खाणावळ. चांगली मराठी त्याला येत होती, पण ती पुस्तकातली आणि कचेरीतली. चुलीपाशी बायका बोलतात ती मराठी त्याच्या कानावर कधी पडलीच नव्हती. मित्रांनो, घरातली बाई गेली की तिच्यामागं भांडीकुंडी राहतात, पण तिचे शब्द राहत नाहीत.

पाऊस कोसळत होता. उतरावरून लाल पाणी वाहत होतं. सारजाबाई मला खडू फासून, हातात घेऊन उभी होती.

"राहू द्या बाई," जयसिंग म्हणाला. "एवढ्या पावसात झाकण उघडलं तर आत पाणी जाईल. तुम्हीच सांगा, टाकीत तेल काय आहे?"

"वाढलं की सगळं."

"सगळं?"

"सगळी टाकी वाढली. परवाच."

"वा! मग काळजी नाही. पावसाळ्यात वाढलेली बरी."

सारजाबाईनं त्याच्याकडं जरा चमकून पाहिलं. तो लिहायला वाकला होता. गेलेल्या तेलाची जागा त्यानं 'मागाहून भरू' म्हणून कोरी ठेवली आणि उरलेल्या तेलापुढं लिहिलं, टाकी पूर्ण भरलेली. तो गेल्यावर सारजाबाई आत कुशाबाला म्हणाली, "पुन्याच्या मानसाचा काय नेम न्हाई बगा. टाकी वाढली म्हनलं तर म्हनतो बरं झालं." कुशाबा तापात होता. त्यानं नुसतं "हूं" केलं.

टँकर आला नाही. भरलेल्या टाकीला टँकर कोण पाठवणार? कुशाबा बरा झाला, त्यानं कचेरीला निरोप धाडला. उलट निरोप आला, तुमची टाकी भरलेली आहे, मागणी कसली करता?

मग डेपोच्या दारात बाटल्यांची रांग लागू लागली आणि रिकामी परतू लागली. डोंगरातल्या वाडीवरची फुलाबाई दोनदा चिखल तुडवत आली. तिच्या घरात सून बाळंतीण होती. ती म्हणाली, "वयनी, कागदावर टाकी भरलीया म्हनं. मंग त्यो कागद तरी द्या, पेटवून बाळाचं त्वांड बगते."

हळूहळू लोक वेगळं बोलू लागले. भरलेली टाकी गेली कुठं? कुशाबानं पुण्याच्या हॉटेलवाल्यांना चोरून विकली असणार. कुशाबा फार बोलणारा माणूस नव्हता. तो चावडीकडं जायचा बंद झाला. हजामतीलाही जाईना. सांजेला अंधार पडला की दारात बसून राही. सारजाबाई त्याच्याजवळ येऊन टेकायची.

"लोक म्हनत्यात ते म्हनू द्या. धनी, तुमी चोरी केली असती तर आपल्या घरात तरी दिवा असता."

त्या अंधारात मी भिंतीला टेकून उभा होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण गजाला कुणी टाकीत सोडल्याशिवाय काही सांगता येत नाही.

एक दिवस पुण्याहून तपासणीस हैबतराव आले. सोबत जयसिंग होता आणि पिशवीत मोठं कुलूप आणि लाख होती. चोरी ठरली तर डेपोला सील, आणि कुशाबाला भऱ्यात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. रांगेतली माणसं टाकीभोवती गोळा झाली. पाऊस त्या दिवशी उघडला होता.

"गज टाका," हैबतराव म्हणाले.

सारजाबाईनं मला सोडलं. तळाला लागून मी टण्ण वाजलो. वर काढलं तर खडू जसाच्या तसा कोरडा.

"महिनाअखेरीला भरलेली टाकी आज कोरडी," हैबतराव म्हणाले. "कुशाबा, तेल कुठं गेलं?"

"लोकांच्या कंदिलात गेलं, सायेब. महिनाअखेरीच्या आदीच गेलं."

"तक्ता तसं सांगत नाही."

जयसिंग चाचरत म्हणाला, "साहेब, टाकी भरल्याचं मला या बाईंनीच सांगितलं होतं."

"म्या?" सारजाबाई कडाडली. "कवा रं? माज्या मानसाला चोर करतोस व्हय?" आणि मला तिनं असा हिसका दिला की तिचा हात झाकणाच्या कडेवर आपटला. खळ्‌कन आवाज झाला. हिरव्या काचेचे तुकडे चिखलात पडले.

फुलाबाई पुढं धावली. "आगं बया! बांगडी वाढली की तुजी!"

"वाढली?" जयसिंगच्या तोंडून गेलं. "ती तर फुटली."

"त्वांड सांबाळ, दादा! सवाशिनीची बांगडी फुटत नसती. वाढत असती. येवडंबी ठावं न्हाई?"

जयसिंग त्या तुकड्यांकडं पाहत राहिला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "मग बाई, टाकी वाढली म्हणजे…?"

"वाढली म्हंजी वाढली! पावसाळ्याच्या तोंडावर, दारात मानसं हुबी असताना, त्ये दुसरं वंगाळ म्हनू व्हय मी?"

कुणी हसलं नाही. हैबतरावांनी टोपी काढली आणि डोकं पुसलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण शब्दाचं सोंग घेऊन चोर सुटतात हेही त्यांना ठाऊक होतं. ते जयसिंगकडं वळले.

"तू स्वतः गज टाकला होतास ना? किती भिजला होता?"

मित्रांनो, त्या वेळी सगळं त्या मुलाच्या जिभेवर आलं होतं. 'टाकला होता' एवढंच तो म्हणाला असता तर त्याची नोकरी राहिली असती आणि कुशाबा चोर ठरला असता. जयसिंग म्हणाला,

"नाही साहेब. गज टाकलाच नाही. बाई तो हातात घेऊन उभ्या होत्या. पाऊस आहे म्हणून मीच नको म्हणालो. मी नुसतं ऐकलं आणि लिहिलं."

हैबतरावांनी कुलूप पिशवीतून काढलंच नाही. पोस्टात जाऊन पुण्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत टँकर आला. कुशाबानं पहिली बाटली फुलाबाईला भरून दिली. रांगेतल्या एकानं कुशाबाच्या हातून माप घेतलं आणि म्हणाला, "बस जरा, कुशाबा. मी वततो." आमच्याकडं माफी अशीच मागतात.

जयसिंगची नोकरी वाचली. शिक्षा एवढीच झाली की दर महिनाअखेरीला त्यानं पौडला यायचं, स्वतः उतरावरून खाली जायचं आणि स्वतः गज टाकायचा. ती शिक्षा त्याला गोड लागली. सारजाबाई त्याला भाकरी वाढायची आणि शिकवायची.

"निघतो, मावशी. जातो."

"जातो म्हनू ने बाबा. येतो म्हनावं."

"पण मी तर जातोय."

"तरीबी."

पुढं काही वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, सारजाबाई गेली. मी 'गेली'च म्हणतो. यासाठी दुसरा शब्द तिनं कुणाला शिकवला नव्हता.

त्या महिनाअखेरीला कुशाबा गुडघा धरत उतार उतरला. खडू फासून मला त्यानं टाकीत सोडलं, वर काढलं, रेघा मोजल्या आणि सवयीनं मोठ्यानं ओरडला, "अकरा!" दारात लिहायला कुणी नव्हतं. लिहिणारा तोच होता. तो आकडा धरून वर चालत गेला, दारापर्यंत पोचेतो विसरला आणि परत खाली आला. तीनदा असं झालं. मग एसटीतून जयसिंग उतरला. त्यानं मला कुशाबाच्या हातून घेतलं. कुशाबा दारात जाऊन बसला. जयसिंग ओरडला आणि कुशाबानं लिहिलं.

आता पौडात वीज आली आहे. टाकी भंगारात गेली. कुशाबानं मला भऱ्याला घरी आणलं आणि दाराच्या कोपऱ्यात उभं केलं. शेजारची पोरं कधी माझ्यावर ओले कपडे वाळत घालतात. मला राग येत नाही, फक्त अंगावर हिरवे डाग पडतात.

तुमच्या घरात कुणी काही बोललं आणि ते कळलं नाही, तर नुसती मान डोलावून पुढं जाऊ नका, मित्रांनो. म्हणजे काय, असं विचारा. समोर माणूस आहे तोवरच विचारता येतं.

आणि भऱ्याला आलात तर मला पुसा. पितळेला पाणी सोसत नाही, कोरडं फडकं घ्या. ते दारामागं खिळ्याला आहे. सारजाबाईच्या लुगड्याचं आहे. काम झालं की झटकून परत तिथंच अडकवा. कुशाबा ते रोज बघतो.