न छाटलेला शेंडा

चैत्र लागला होता. ताम्रवर्ण कातळावर ऊन उतरलं होतं, कोवळं, केशरी, मधुगंधी. खाडीचं नीलनिश्चल पाणी त्या उन्हात डोळे मिटून पडलं होतं. उतारावरच्या कलमांच्या बागेत सारं निवांत होतं. आणि घरामागच्या दुहेरी आंब्याखाली अनसूयाताई उभी होती, एकसष्ट वर्षांची, हातात पाण्याची कळशी, मनात एक शाळा.

होय, शाळाच. गावातली, अकरा मुलांची. तिथल्या बाईंनी तिसऱ्यांदा निरोप धाडला होता: दुपारचे दोन तास येऊन धाकट्यांना वाचायला शिकवा, आज काय ते कळवा. दोनदा ती नाही म्हणाली होती. आजही नाहीच म्हणणार होती. तो जन्म आपला झालाच नाही, असं ती स्वतःला समजावत होती, आणि ते समजावणं काही केल्या संपत नव्हतं.

तो जन्म! विसाव्या वर्षी रत्नागिरीच्या अध्यापिका विद्यालयाचं पत्र आलं होतं. ट्रंक भरली होती, सकाळची लाँच होती. त्याच पहाटे बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं. आई आधीच गेलेली, धाकटा भाऊ दिगंबर सात वर्षांचा, आणि अंगणात चाळीस भेटकलमं छाटणीची वाट बघत उभी. भेटकलमाची रीत साधी अन् निष्ठुर: गावठी रायवळाच्या रोपाला हापुसाची फांदी बांधायची, दोघांचा जीव एक झाला की रायवळाचा शेंडा उडवायचा. मूळ त्याचं, मोहोर दुसऱ्याचा. खाडीवर लाँचचा भोंगा वाजला तेव्हा तिच्या हातात चाकू होता. एकेक शेंडा छाटत गेली ती, छाटत गेली, आणि डोळ्यांतल्या पाण्यापायी एक राहून गेला.

असलं दुतोंडी कलम विकत घेतो कोण? लावलं घरामागे. वाढलं बापडं, अर्धं हापूस, अर्धं रायवळ. दर चैत्रात ते तिला टोचायचं. दर चैत्रात त्याच्या सावलीतून ती दुसरी अनसूया चालून जायची: शुभ्र पातळ, खडूनं पांढरी बोटं, मागे मुलांची किलबिल. ही अनसूया तिच्याकडे बघत राहायची. फार दुखायचं, खोटं कशाला बोला.

यंदा हापुसाच्या अंगाचा मोहोर तुडतुड्या किडीनं जाळला. आज दिगंबर कुऱ्हाड घेऊन आला.

"ताई, रायवळाचो खांदो सगळा बळ खाता. तोडून टाकतंय."

"तोड," ती म्हणाली. "चुकीचोच तो."

दिगंबर बुंध्याशी वाकला, आणि वाकलेलाच राहिला. "जोडापासून तोडूक होयो, नायतर परत फुटतलो. तुझो जोड खयसर होतो, दाखव गो."

ती पुढे झाली. ज्या बोटांनी तेव्हा सुंभ आवळलं होतं, त्याच बोटांनी साल चाचपू लागली. खाली, वर, पुन्हा खाली. जोड सापडेना. व्रणसुद्धा उरला नव्हता. एकाच सालीखालून एकच रस चढत होता, आणि वर जाऊन दोन नावांनी हिरवा होत होता. तिनं मान वर केली. हापूस रिता होता. रायवळ लवला होता, पोपटी, इवल्या, घोसाघोसांच्या कैऱ्यांनी. एकेचाळीस वर्षं ती ज्याला चूक म्हणत आली, ते तिच्या परवानगीवाचून फळलं होतं.

"रवांदे," ती म्हणाली.

"आगो, आत्ताच तोड म्हणालंस मां?"

"म्हणालंय. आता रवांदे म्हणतंय. कैऱ्यो काढ. अकरा काढ."

दिगंबरनं बहिणीकडे नीट बघितलं, कुऱ्हाड बुंध्याला टेकवली आणि कैऱ्या उतरवायचा झेला आणायला गेला.

एकसष्टावं वर्ष काही विसावं होत नाही. लाँच केव्हाच बंद पडली, धक्क्यावर शेवाळ चढलं. गेलं ते गेलंच, त्याला इलाज नाही. ती थोडी रडली, पदरानं डोळे पुसले, त्याच पदरात कैऱ्या घेतल्या आणि उतार उतरू लागली.

शाळेत अकरा तोंडं आंबट झाली, अकरा डोळ्यांच्या जोड्या मिटल्या नि हसल्या. अनसूयाताई फळ्यापाशी गेली. पहिलं अक्षर जरा वाकडं आलं. पोरांनी ते तस्संच, वाकडं, मोठ्यानं वाचलं. कैरीच्या चिकानं ओल्या बोटांना खडू घट्ट चिकटला होता; आणि तिनं तो खाली ठेवला नाही, उन्हं उतरेपर्यंत, फळा भरेपर्यंत.